सात दिवसांचें कर्ज

कर्ज हा शब्द आपल्या पांढरपेशा घरांतून मोठ्यानें उच्चारला जात नाहीं. घर बांधण्यासाठीं काढलेलें कर्ज असो, किंवा मुलाच्या उच्च शिक्षणासाठीं काढलेलें असो, त्याविषयीं चारचौघांत बोलावयास हरकत नसते. किंबहुना त्यांत थोडी प्रतिष्ठाहि मानली जाते. परंतु महिन्याच्या विसाव्या तारखेस ओढाताण झाली म्हणून घेतलेले दोनचार हजार रुपये मात्र नवऱ्यानें बायकोपासून, मुलानें बापापासून व पुतण्यानें चुलत्यापासून लपवावयाचे, अशी आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. ह्या लहान कर्जाविषयींच आज आम्ही लिहीत आहों. त्याचें निमित्त आमच्या घरींच घडलें, हें आरंभींच सांगितलेलें बरें. कारण घरचें झांकून दुसऱ्यास उपदेश करणें आम्हांस ह्या वयांत शोभणार नाहीं.

आमचें कुटुंब एकत्र आहे. आम्ही, आमचे धाकटे बंधु व दोघांचे संसार मिळून घरांत अकरा माणसें. बंधूंचा मुलगा चोवीस वर्षांचा. एका खासगी कचेरींत नोकरीस लागून त्यास वर्षहि झालें नव्हतें. गेल्या वर्षीं श्रावणांत त्याच्या मोबाईल फोनची काच फुटली. कचेरीचें निम्में काम त्या फोनवर चाललेलें, पगारास बारा दिवस अवकाश, आणि घरांत मागावें तर 'पहिल्या पगारापासून शिल्लक टाकीत जा' हें आमचें पालुपद त्याच्या कानांत घुमत असलेलें. त्यानें त्याच फुटक्या काचेवर एक ॲप उतरवून घेतलें आणि पांच हजार रुपयांचें कर्ज मागितलें. दहा मिनिटांत खात्यावर पैसे जमा झाले. मात्र ते पांच हजार नव्हते, ३,२०० रुपये होते. उरलेले १,८०० 'सेवाशुल्क' म्हणून अगोदरच कापून घेतले होते. परतफेड सातव्या दिवशीं, पुऱ्या ५,००० रुपयांची.

सदतीस वर्षें मुलांना त्रैराशिक शिकविलें असल्यामुळें हा हिशेब आम्हीं मागाहून कागदावर मांडून पाहिला. हातांत आले ३,२०० रुपये. सात दिवसांचा आकार १,८००. म्हणजे आठवड्यास शेंकडा सव्वाछप्पन्न. बावन्न आठवड्यांचा दर सरळव्याजानें काढला तर तो शेंकडा २,९२५ येतो! ह्याच ३,२०० रुपयांवर महाराष्ट्र सरकारनें परवानाधारक सावकारास ठरवून दिलेल्या दरानें, म्हणजे विनातारण कर्जास द. सा. द. शे. १८ प्रमाणें, सात दिवसांचें व्याज किती होतें? सुमारें ११ रुपये. अकरा रुपये कोठें आणि अठराशें रुपये कोठें!

सातव्या दिवशीं पगार झालेला नव्हता. पहिलें कर्ज फेडावयास त्यानें दुसऱ्या ॲपवरून पैसे घेतले, दुसरें फेडावयास तिसऱ्यावरून. तीन आठवड्यांत पांच ठिकाणचें देणें झालें. मग धमक्या सुरू झाल्या. ॲप उतरवून घेतांना परवानगीच्या ज्या चौकटी त्यानें न वाचतांच मान्य केल्या होत्या, त्यांतून त्याच्या फोनमधील सर्वांचीं नांवें व क्रमांक त्या लोकांच्या हातीं गेले होते. त्याचें छायाचित्र लावून 'हा चोर आहे' असा मजकूर त्याच्या वरिष्ठांस, आमच्या भावजयीच्या माहेरीं, आणि आमच्या घरच्या उपाध्येबुवांसहि पोंचला. उपाध्येबुवा भले गृहस्थ. संध्याकाळीं ते सहज आल्यासारखे आले, चहा घेतला, आणि उठतांउठतां हलक्या आवाजांत म्हणाले, "मास्तर, मुलाची कांहीं अडचण आहे का?" तेव्हां कोठें आम्हांस कळलें.

मुलगा खालीं मान घालून उभा राहिला. "काका, तुम्हांला सांगायची भीति वाटली," एवढेंच बोलला. आम्ही रागावण्याच्या तयारींत होतों. पण हें ऐकून राग गिळावा लागला. ज्यांचें नांव, गांव, तोंड कांहींच ठाऊक नाहीं अशा माणसांपुढें हात पसरणें त्यास सोपें वाटलें, आणि ज्यांच्या मांडीवर तो लहानाचा मोठा झाला त्या काकांपुढें तोंड उघडणें अवघड वाटलें!

आमचा एक जुना विद्यार्थी नागरी सहकारी बँकेंत अधिकारी आहे. त्यास घरीं बोलावलें. सगळी हकीकत ऐकून त्यानें पहिलाच प्रश्न केला, "सर, ह्यांना परवाना कोणाचा?" आम्हीं पांचहि ठिकाणें धुंडाळलीं. कोणाचा पत्ता नाहीं, कोणत्याहि बँकेचें वा वित्तसंस्थेचें नांव नाहीं, नोंदणीचा क्रमांक नाहीं. १९३० ह्या सरकारी क्रमांकावर व पोलिसांच्या सायबर शाखेंत तक्रार नोंदविली. आणि ज्यांस ज्यांस तो मजकूर गेला होता त्यांस आम्हींच फोन करून खरा प्रकार सांगितला. कांहीं आठवड्यांनीं धमक्या थांबल्या. गेलेले पैसे मात्र परत आले नाहींत. विद्यार्थ्याच्या त्या एका प्रश्नाचा मागोवा आम्ही तेव्हांपासून घेऊं लागलों; त्यांतून जें कळलें तें वाचकांपुढें ठेवतों.

व्याजास मर्यादा असावी, ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत वसिष्ठानें सांगितलेल्या वृद्धीचा उल्लेख आहे: शंभराचा ऐंशीवा भाग दरमहा, म्हणजे महिना शेंकडा सव्वा. याज्ञवल्क्यानें हा दर तारणाच्या कर्जास लावला आहे. कौटिल्यानेंहि महिना शेंकडा सव्वा हीच वृद्धि धर्म्य मानली. मात्र व्यापारी व्यवहारांत पांच, अरण्यांतून जाणाऱ्यांस दहा व समुद्रावर जाणाऱ्यांस वीस, असे चढते दर सांगितले. जेथें धोका अधिक तेथें व्याज अधिक, हें तत्त्व त्यास मान्य होतें. आतां महिना सव्वा म्हणजे वर्षास पंधरा. आणि महाराष्ट्र सरकारनें २०१४ सालीं शेतकऱ्यांखेरीज इतरांच्या तारणी कर्जास परवानाधारक सावकाराकरितां जो दर ठरविला तोहि वर्षास शेंकडा पंधराच! ह्या योगायोगाची आम्हांस मौज वाटली.

तथापि शास्त्रांतील सारेंच शिरोधार्य आहे असें नाहीं. ब्राह्मणाकडून महिना शेंकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार व शूद्राकडून पांच घ्यावे, असेंहि तेथेंच सांगितलेलें आहे. ज्याची ऐपत सर्वांत कमी त्यासच सर्वांत जड व्याज, हा उघड अन्याय होता, व तो आपल्या सोयीचा होता, हें आपण मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. मनूची दुसरी एक मर्यादा मात्र सर्वांच्या कल्याणाची ठरली. रोख रकमेच्या कर्जांत एकदम घ्यावयाचें येणें मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जातां कामा नये, ही ती मर्यादा. हिलाच आपण दामदुपट म्हणतों. इंग्रजी अमदानींतहि मुंबई इलाख्यांतील न्यायालयें हिंदु ऋणकोंस हा नियम लागू करीत असत.

परंतु नियम असणें वेगळें आणि तो पाळला जाणें वेगळें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर चाल केली, व तो दंगा आसपासच्या गांवीं पसरला. दंगेखोरांचा खरा डोळा रोखे, खतें व वह्या ह्यांवर होता. कागद हातीं लागले कीं ते जाळून टाकावयाचे. ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यावर काय लिहिलें आहे, हें ज्यास वाचतां येत नाहीं, त्याचा तो संताप होता. पुढें चौकशी झाली, व १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला. त्यानें न्यायाधीशास रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार उकलून पाहण्याचा अधिकार दिला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यानें पुढचें पाऊल टाकलें: परवान्यावांचून सावकारी करतां येणार नाहीं, हिशेब ठेवलेच पाहिजेत, आणि ऋणकोस त्याचा उतारा दिला पाहिजे. आमचा पुतण्या पदवीधर आहे. तरीहि न वाचतां चौकटी मान्य करतांना त्यानें अंगठाच उठविला, असें आम्ही म्हणतों.

मुंबईच्या त्या कायद्याची जागा २०१४ सालीं महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमानें घेतली. सावकाराचा परवाना सहकार खात्याच्या निबंधकांकडून मिळतो. सरकारनें ठरविलेले कमाल दर असे आहेत: शेतकऱ्यास तारणावर ९ व विनातारण १२, इतरांस तारणावर १५ व विनातारण १८, हे सर्व वर्षाचे. चक्रवाढ व्याज घेतां येत नाहीं. मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करतां येत नाहीं, म्हणजे दामदुपट येथेंहि आहेच. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्यास पांच वर्षांपर्यंत कैद, किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. बेकायदा सावकारीच्या ओघांत कोणाची जमीन वा घर बळकावलें गेलें असेल, तर पंधरा वर्षांपर्यंतचा तसा व्यवहार रद्द ठरवून ती मालमत्ता मूळ मालकास परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास आहे.

येथें पुष्कळ सुशिक्षितांची गफलत होते. परवाना देणारे दरवाजे दोन आहेत. एक राज्य सरकारचा, तो सावकारांसाठीं. आणि दुसरा रिझर्व्ह बँकेचा, तो बँका व बिगर-बँकिंग वित्तसंस्था ह्यांच्यासाठीं. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तसंस्थांस राज्यांचे सावकारी कायदे लागू पडत नाहींत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १० मे २०२२ रोजीं दिला. ह्याचा अर्थ असा कीं, वर सांगितलेली अठरा टक्क्यांची मर्यादा त्या संस्थांवर नाहीं. रिझर्व्ह बँक त्यांच्या व्याजास सरसकट कमाल आंकडा घालून देत नाहीं. दर वाजवी असावा व तो सांगितल्याशिवाय राहूं नये, असा तिचा आग्रह असतो. म्हणून पूर्णपणें कायदेशीर असें कर्जहि बरेंच महाग असूं शकतें. परवाना हा स्वस्ताईचा वा सज्जनपणाचा दाखला समजूं नये. त्याचा उपयोग एवढाच, पण तो फार मोठा आहे, कीं सावकारास नांव व पत्ता असतो, त्याला जाब विचारणारा कोणीतरी असतो. आमच्या तक्रारींत नेमकें हेंच नव्हतें. कायद्याचा हात लांब असला तरी त्याला धरावयास मनगट लागतें.

फोनवरील कर्जांचा सुळसुळाट किती झाला होता, ह्याची कल्पना रिझर्व्ह बँकेनें नेमलेल्या अभ्यासगटाच्या नोव्हेंबर २०२१ च्या अहवालावरून येते. त्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत अशीं सुमारें १,१०० ॲपें आढळलीं, व त्यांपैकीं सुमारें ६०० बेकायदा होतीं. त्यानंतर २ सप्टेंबर २०२२ रोजीं रिझर्व्ह बँकेनें नियम घालून दिले, आणि मे २०२५ मध्यें ते एकत्र करून नवे निर्देश काढले. त्यांतील मुख्य गोष्टी प्रत्येक घरांत ठाऊक असाव्यात. कर्जाची रक्कम बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या खात्यांतून थेट ऋणकोच्या खात्यांत आली पाहिजे, व परतफेडहि थेट त्या संस्थेसच झाली पाहिजे. मधल्या कोणाच्या खात्यांतून नव्हे. सर्व शुल्कें धरून वर्षाचा दर किती पडतो, हें एका स्वतंत्र पत्रकांत आधीं सांगितलें पाहिजे. कर्ज घेतल्यावर मन पालटलें तर किमान एक दिवसाची मुदत मिळते. तेवढ्यांत मुद्दल व त्या काळापुरतें व्याज देऊन, दंडाशिवाय, मोकळें होतां येतें. फोनमधील नांवांची यादी, छायाचित्रें व संभाषणांची नोंद ह्यांस हात लावण्याची ॲपला मनाई आहे. वसुलीसाठीं सकाळीं आठच्या आधीं व संध्याकाळीं सातच्या नंतर फोन करतां येत नाहीं. तक्रारीचें निवारण तीस दिवसांत झालें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें. आणि १ जुलै २०२५ पासून, नोंदलेल्या संस्थांच्या ॲपांची यादी रिझर्व्ह बँकेनें आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. ती पाहावयास पांच मिनिटें पुरतात. आमच्या घरीं तीं पांच मिनिटें कोणी काढलीं नाहींत.

ह्यावर कोणी म्हणेल, असलीं कर्जें सरसकट बंदच कां करूं नयेत? आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें. परंतु कर्ज बंद केलें म्हणून गरज बंद होत नाहीं. इंग्लंडचें उदाहरण बोधप्रद आहे. तेथेंहि पगाराच्या तारखेपर्यंतच्या कर्जांचा मोठा धंदा माजला होता. २ जानेवारी २०१५ पासून तेथील वित्तनियामकांनीं मर्यादा घातली: दिवसास शेंकडा ०.८ हून अधिक आकार नाहीं, आणि व्याज, शुल्क, दंड सर्व मिळून मुद्दलाइतक्या रकमेपलीकडे एक पैहि नाहीं. ही तर आपली दामदुपटच झाली! त्यानंतर कित्येक धनको बाजारांतून निघून गेले. त्यांतील सर्वांत नांवाजलेली संस्था ऑगस्ट २०१८ मध्यें कोसळली. वाईट दुकान बंद झालें, हें बरेंच झालें. पण ज्यास विसाव्या तारखेस पैसे लागतात त्यानें मग कोणाच्या दारीं जावें, हा प्रश्न उरतोच. त्यासाठीं जवळ एखादें चांगलें दार उघडें असावें लागतें.

तसें दार आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनें उघडून ठेवलें आहे. १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आणि १९०६ सालींच पुण्यांत कॉसमॉस व मुंबईंत शामराव विठ्ठल ह्या सहकारी संस्था निघाल्या. एकट्याची पत लहान असते, पण शंभर जणांनीं आपली पत एकत्र केली तर ती मोठी होते, हें त्यांतील मर्म. पुढें शाळा, गिरण्या, कचेऱ्या ह्यांतून नोकरदारांच्या पतपेढ्या झाल्या, व अलीकडे खेड्यापाड्यांतून स्त्रियांचे बचतगट झाले. आम्हीं स्वतः शिक्षकांच्या पतपेढींतून दोन वेळां कर्ज काढलें आहे. एकदां धाकट्या बहिणीच्या लग्नासाठीं व एकदां छपराच्या दुरुस्तीसाठीं. तेथें दोन जामीनदार लागत. म्हणजे आपली अडचण दोन सहकाऱ्यांस कळे. त्या वेळीं त्याचा फार संकोच वाटे. आज वाटतें, तो संकोचच आमचें रक्षण करीत होता. आपल्या अडचणीची खबर असलेलीं दोन भलीं माणसें जवळ होतीं, म्हणून आम्हीं ऐपतीबाहेर कर्ज काढलें नाहीं, आणि आमची अब्रूहि कोणी बाजारांत मांडली नाहीं.

फोनवरील बेकायदा सावकार नेमक्या ह्याच संकोचावर जगतो. 'कोणासहि कळणार नाहीं' हें त्याचें पहिलें आमिष, आणि 'सर्वांस कळवूं' ही त्याची शेवटची धमकी. ज्या घरांत अडचण मोकळेपणीं सांगतां येते, त्या घरांत त्याचें आमिषहि चालत नाहीं व धमकीहि चालत नाहीं. कायदा, परवाना, लोकपाल हीं सर्व घराबाहेरचीं साधनें आहेत, व तीं हवींतच; परंतु त्यांच्यापर्यंत पोंचण्यापूर्वीं मुलास पहिलें पाऊल घरांतच टाकावें लागतें. आमच्या घरांत त्या पावलाच्या आड आमचा करडेपणा उभा होता. शिस्तीच्या नांवाखालीं आम्हीं सदतीस वर्षें शाळेंत जो दरारा राखला, तो घरींहि घेऊन आलों, आणि त्याची किंमत मुलानें भरली. हें लिहितांना आम्हांस बरें वाटत नाहीं. पण तें खरें आहे.

तेव्हां आपल्या वाचकांस आमचें सांगणें इतकेंच. घरांतील तरुणांस चार प्रश्न विचारावयास शिकवा: पैसे देणारी संस्था कोणती, तिला परवाना कोणाचा, सर्व मिळून वर्षाचा दर किती, आणि तिला फोनमधील काय काय हवें आहे? चारांपैकीं एकाचेंहि उत्तर मिळालें नाहीं, तर तेथून उठावें. आणि त्याबरोबरच घरांतील वडीलधाऱ्यांनीं स्वतःस पांचवा प्रश्न विचारावा: आपल्या पोरास हजार रुपये लागले, तर तो आपणांस सांगेल का?

आमच्या घरीं दसऱ्यापासून एक नवी रीत सुरू झाली आहे. मिळवत्या प्रत्येकानें दरमहा ५०० रुपये एका सामाईक खात्यांत टाकावयाचे. अडीअडचणीस घरांतील कोणींहि त्यांतून घ्यावे, वहींत तारीख व रक्कम लिहावी, जमेल तसे परत करावे. व्याज नाहीं, आणि कारण विचारावयाचें नाहीं. वही पुतण्याकडेच दिली आहे. त्याचें अक्षर सुवाच्य आहे व हिशेब आतां चोख असतो. तींतील पहिली नोंद आमच्याच नांवाची आहे. दाढेचें दुखणें काढण्यासाठीं महिनाअखेरीस २,००० रुपये कमी पडले, तेव्हां आम्हीं त्याच्याकडेच जाऊन मागितले. त्यानें वहींत नोंद केली, पैसे दिले, आणि ठरल्याप्रमाणें कारण विचारलें नाहीं.